सफारीचे सामान: मसाई मारा ते न्गोरोंगोरो

नैरोबीच्या विल्सन विमानतळावर प्रवाशाच्या सामानाचे वजन होते ते हातातल्या पिशवीसकट. इथून मसाई माराकडे उडणारी विमाने बहुधा सेस्ना कॅरव्हॅन जातीची, एका इंजिनाची, डझनभर माणसे नेणारी असतात. दर प्रवासी 15 किलो ही या मार्गावरची रूढ मर्यादा. तिच्या जोडीने दुसरी अट येते, बॅग मऊ कापडाची असावी. विमान जवळून पाहिले की या अटीचे कारण लगेच कळते. सामानाची पेटी विमानाच्या पोटाखाली बसवलेली असते, ती लांबट आणि उथळ असून तिची दारे लहान असतात. डफल बॅग दाबून, वळवून आत सरकवता येते. चाकांची टणक सुटकेस रिकामी असली तरी आपला आकार सोडत नाही.

मुंबईहून नैरोबीला नेणाऱ्या मोठ्या विमानात 23 किलोंची बॅग सहज चालते, म्हणून घरी बांधाबांध करताना तोच आकडा डोक्यात राहतो. खरा हिशेब मात्र प्रवासातल्या सर्वांत लहान वाहनावरून करायचा असतो. परतीचा मुक्काम नैरोबीतल्या त्याच हॉटेलात असेल तर शहरातले कपडे आणि जास्तीचे सामान तिथे ठेवून जाता येते, पण हे टूर कंपनीला आधी विचारलेले बरे. माराच्या कुरणात धावपट्ट्या अनेक आहेत आणि एकच विमान दोन-तीन ठिकाणी उतरत पुढे जाते. त्यामुळे बॅगेवर नाव आणि कॅम्पचे नाव ठळक लिहिलेले हवे. एकसारख्या काळ्या बॅगांमधून चुकीची बॅग दुसऱ्याच धावपट्टीवर उतरली, तर ती परत मिळायला एक दिवस तरी मोडतो.

शंभर वर्षांपूर्वी हेच सामान माणसांच्या डोक्यावरून जात असे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये पूर्व आफ्रिकेत शिकारीला आले, तेव्हा त्यांच्या तांड्यात दोनशेंहून अधिक हमाल होते. स्मिथसोनियन संस्थेसाठी जमवायच्या कातड्यांना लागणारे मीठच चार टन होते. रूझवेल्टांनी साठेक पुस्तके डुकराच्या कातड्यात बांधून घेतली होती. ती पेटीसह साठ पौंडांच्या आत बसवली, कारण साठ पौंड, म्हणजे 27 किलो, हे एका हमालाचे ओझे. आजच्या प्रवाशाला मिळणारे वजन त्या ओझ्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त आहे, आणि दहा दिवसांच्या सहलीला ते पुरते.

सहल विमानाऐवजी रस्त्याने असली तरी फार मोकळीक मिळत नाही. नैरोबीहून नारोकमार्गे माराच्या सेकेनानी प्रवेशद्वारापर्यंत पाच-सहा तास लागतात. गाडी म्हणजे लांब करून घेतलेली, छत वर उचलता येणारी लँड क्रूझर किंवा व्हॅन. तिच्यात सहा-सात प्रवासी, प्रत्येकाला एक खिडकी, आणि शेवटच्या आसनामागे उरते तेवढीच जागा सामानाला. तिथे न मावलेली बॅग मधल्या वाटेत किंवा कुणाच्या तरी पायाशी येते. सिंह उजवीकडे दिसला की डावीकडच्या माणसाला उठून, वाकून, छतातून पाहायचे असते. वाटेत बॅग पडलेली असेल तर तो अडखळतो, आणि तेवढ्यात सिंह गवतात शिरतो. मार्गदर्शकासह होणारी सहल ही गटाची सहल आहे. जास्तीची बॅग शेजाऱ्याची जागा घेते, हे बांधाबांध करतानाच लक्षात घ्यायला हवे.

लॉज बदलण्याच्या दिवशी तर सगळे सामान गाडीतच असते आणि वाटेत प्राणी पाहणेही चालू असते. त्या दिवशी मोठी बॅग उघडता येत नाही. म्हणून एक लहान पाठपिशवी वेगळी लागते. तिच्यात दुर्बीण, कॅमेरा, स्वेटर, टोपी, पाण्याची बाटली, दिवसाची औषधे आणि कागदपत्रे राहतात आणि ती मांडीवर किंवा आसनाखाली मावते. केनिया आणि टांझानिया एकत्र पाहणाऱ्या सहलींत नामंगाच्या सीमेवर बहुधा गाडीही बदलते: केनियाची गाडी प्रवाशांना सोडून परत फिरते आणि टांझानियाची गाडी पलीकडे उभी असते. सामान तेवढे अंतर उन्हातून ओढत न्यावे लागते. हलक्या बॅगेची किंमत तिथे कळते.

कपड्यांच्या बाबतीत मराठी प्रवाशाची सर्वांत मोठी चूक म्हणजे आफ्रिका म्हणजे ऊन असे धरून चालणे. ताडोबाच्या उन्हाळी सफारीची सवय असलेली मंडळी सुती कपड्यांनी बॅग भरतात आणि पहिल्याच पहाटे गाडीत कुडकुडत बसतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंचीचे आहे. नैरोबी शहर त्याहून उंचावर, सुमारे 1,795 मीटरवर वसलेले आहे, आणि टांझानियातल्या न्गोरोंगोरो विवराची कड तर 2,300 मीटरच्या आसपास आहे. त्यातच भारतीयांची गर्दी जुलै ते सप्टेंबरमध्ये, रानगव्यासारख्या दिसणाऱ्या वाइल्डबीस्टचे कळप मारात उतरतात तेव्हा असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा हा थंडीचा काळ. पहाटे मारात 10-12 अंश सेल्सियस तापमान असणे नेहमीचे, आणि छत उघडलेल्या चालत्या गाडीत वारा ते आणखी बोचरे करतो. न्गोरोंगोरोच्या कडेवर याहून जास्त गारठा असतो. सकाळी दहानंतर मात्र ऊन तापते.

यावर जाड कोट हा उपाय नव्हे. तो बॅगेतली निम्मी जागा खातो आणि दुपारी ओझे होऊन बसतो. कपड्यांचे थर उपयोगी पडतात. आत पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा सदरा, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट. कानटोपी आणि पातळ हातमोजे मिळून शंभर-दीडशे ग्रॅमचे, पण पहाटेच्या पहिल्या तासात त्यांच्याएवढे मोलाचे दुसरे काही नसते. गरम हवेच्या फुग्याची सफर घेणाऱ्यांना तर अंधारातच निघावे लागते, तेव्हा हे सगळे अंगावर असलेले बरे. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवून पाठपिशवीत ठेवता येतो. दहा दिवसांसाठी चार सदरे किंवा टी-शर्ट, अंगावरची धरून तीन पॅन्ट्स, एक स्वेटर, एक जाकीट, रात्रीचा एक जोड आणि आतले कपडे पाच-सहा दिवसांचे एवढे पुरते. संध्याकाळच्या जेवणासाठी वेगळा पेहराव करण्याची गरज मारातल्या लॉजमध्ये नसते.

एवढ्यावर भागते ते बहुतेक कॅम्प आणि लॉजमध्ये कपडे धुऊन मिळतात म्हणून. सकाळी दिलेले कपडे उन्हात वाळून, इस्त्री होऊन संध्याकाळी परत येतात. काही कॅम्पांत आतले कपडे मात्र धुण्यात घेत नाहीत. तो तिथल्या लोकरीतीचा भाग आहे, आणि त्यासाठी खोलीत साबणाची पूड ठेवलेली असते. एकाच ठिकाणी दोन रात्री असतील तेव्हाच कपडे धुवायला द्यावेत. पहाटे निघायचे असताना ओले कपडे हाती येण्याची वेळ त्यामुळे टळते.

बायकांसाठी सलवार-कमीज किंवा पॅन्ट-कुर्ता सोयीचा. लँड क्रूझरची पायरी उंच असते आणि दिवसातून अनेकदा आसनावर चढून उभे राहावे लागते, त्यामुळे साडी अडचणीची ठरते. मोठी सुती ओढणी मात्र जरूर घ्यावी. धूळ आली की नाकातोंडावर, ऊन आले की मानेवर आणि वेळ पडली तर कॅमेऱ्यावर तिचा उपयोग होतो. बूट एकच जोड, बंद आणि सवयीचे. राखीव क्षेत्रांत ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरू देत नाहीत, म्हणून ट्रेकिंगच्या जड बुटांना काम नसते. लॉजमध्ये घालायला चपला पुरेत.

रंगांविषयी बरेच ऐकीव सांगितले जाते. गाडीत बसलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग पाहून सिंह पळत नाही. प्राणी गाडीला ओळखतात. खाकी, मातकट, फिकट हिरवे कपडे घ्यावेत याचे साधे कारण म्हणजे त्यांवर धूळ दिसत नाही. पायी सफारी असेल तर मात्र भडक आणि पांढरे कपडे टाळायलाच हवेत. निळ्या आणि काळ्या रंगाची गोष्ट वेगळी. त्सेत्से माशीला हे दोन रंग ओढून घेतात, इतके की तिला पकडण्याचे सापळे निळ्या-काळ्या कापडाचेच करतात. टांझानियातल्या तारांगिरेत आणि सेरेंगेटीच्या झाडीच्या भागात ही माशी भेटते, पातळ कापडातूनही चावते, आणि डासांच्या मलमाला फारशी दाद देत नाही. जीन्सची पॅन्ट या एका कारणासाठी घरी ठेवावी. शिवाय ती जड असते आणि वाळायला दिवस घेते. लष्करी ठिपक्यांच्या छपाईचे कपडेही नकोत. आफ्रिकेतल्या काही देशांत नागरिकांनी ते घालण्याला बंदी आहे, झिम्बाब्वेत तर तो गुन्हा आहे.

कपड्यांतून वाचवलेले वजन दुर्बिणीवर खर्च करावे. कुटुंबात चार माणसे आणि एक दुर्बीण ही व्यवस्था निरुपयोगी आहे. दूरच्या झाडावर बिबट्या दिसला की चौघांनाही ती त्याच मिनिटाला हवी असते. माझ्या मते सफारीच्या सामानात माणशी एक दुर्बीण हा नियम असावा, मग दुसरे काही कमी करावे लागले तरी चालेल. दुर्बिणीवर 8×42 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. 8×42 मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, 10×42 मध्ये 4.2. पहाटेच्या आणि सांजेच्या अंधुक उजेडात, जेव्हा शिकारी प्राणी हालचाल करतात, पहिली दुर्बीण उजळ दिसते, आणि हात थरथरला तरी तिच्यातले चित्र कमी हलते. तिचे वजन 600 ते 700 ग्रॅम. खिशात मावणारी 8×25 हलकी असते, पण नेमक्या त्या वेळी ती कमी पडते.

कॅमेऱ्याचा मोह आवरणे जास्त कठीण. 100 ते 400 मिलिमीटरची एक झूम लेन्स बहुतेक प्रसंगांना पुरते आणि ती दीड किलोच्या आसपास असते. दुसरी मोठी लेन्स नेणाऱ्याने तेवढे वजन कपड्यांतून कमी केलेले असावे. तिपाई गाडीत उभी करता येत नाही, म्हणून ती नकोच. तिच्या जागी जाड कापडाची रिकामी थैली न्यावी, तिथे पोचल्यावर तीत तांदूळ किंवा राजमा भरावा आणि छताच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. धुळीत लेन्स बदलणे टाळावे. कोरड्या ऋतूत, विशेषतः केनियातल्या अंबोसेली उद्यानात, बारीक पांढुरकी धूळ बंद बॅगेच्या चेनमधूनही आत जाते. मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा आणि जुन्या धोतराचा स्वच्छ तुकडा एवढ्यावर साफसफाई होते. ड्रोन घरीच ठेवावा. केनियात तो परवान्याशिवाय चालत नाही आणि वन्यजीवांना त्याचा त्रासच होतो.

केनियात भिंतीतले सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असते. भारतातल्या गोल पिना त्यात बसत नाहीत, म्हणून अडॅप्टर लागतो. विजेचा दाब भारतासारखाच आहे. अडचण असते ती वेळेची. अनेक कॅम्प सौरऊर्जेवर किंवा जनरेटरवर चालतात आणि खोलीत वीज ठरावीक तासच असते. कॅमेऱ्याची एक जास्तीची बॅटरी आणि एक पॉवरबँक हवीच. पॉवरबँक हातातल्या पिशवीत ठेवायची असते, मोठ्या बॅगेत चालत नाही, आणि 100 वॉट-तासांपेक्षा मोठी नसावी. कुंपण नसलेल्या कॅम्पात रात्री पाणघोडे किंवा हत्ती तंबूंजवळून जातात. जेवणाच्या जागेपासून तंबूपर्यंत पहारेकरी सोबत येतो, तरी स्वतःचा लहान टॉर्च जवळ असावा.

औषधांची पिशवी हातातल्या सामानातच हवी, चिठ्ठीसह. रोजची औषधे चार दिवस जास्तीची घ्यावीत. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत निघण्यापूर्वी काही आठवडे डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्या आधीपासून सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते, त्यांना टोपी आणि उन्हाचे मलम चुकवून चालत नाही. डासांचे मलम, पूर्ण बाह्या आणि पायमोजे संध्याकाळी रोज. जलसंजीवनीची पाकिटे, गाडी लागण्यावरची गोळी, बँडेज आणि धुळीने चुरचुरणाऱ्या डोळ्यांसाठी थेंब एवढे भरपूर झाले. खडबडीत रस्त्यांवरच्या हादऱ्यांना तिथले चालक ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. कमरेचे किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी आपला पट्टा आवर्जून न्यावा, तो ऐन वेळी तिथे मिळत नाही.

खाण्याच्या सामानाने मराठी बॅग सर्वांत जास्त फुगते, आणि इथे काटछाट करायला भरपूर वाव आहे. केनियात भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. चपाती तिथे स्थानिक लोकांच्या रोजच्या जेवणात आहे. मोठ्या लॉजमध्ये डाळ, भात, भाजी बहुधा असतेच, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आधी सांगितल्यास होते. अडचण येते ती डब्यातल्या जेवणाच्या दिवशी, कारण त्यात ब्रेड, उकडलेले अंडे, केळे आणि फळांचा रस असा ठरलेला बेत असतो. तेवढ्यासाठी पहिल्या दिवसाच्या दशम्या, थोडी चिक्की, खजूर, भाजलेले चणे आणि एखादी कोरडी चटणी पुरेशी आहे. दीड किलोपेक्षा जास्त खाऊ नेऊ नये. तेलकट लोणच्याची बरणी तर मुळीच नको. ती फुटली तर सगळे कपडे जातात.

खाणे तंबूत उघडे ठेवायचे नाही. वेर्व्हेट माकडे तंबूची चेन उघडतात, आणि बबून फळांच्या वासाने येतात. न्गोरोंगोरोच्या तळाशी असलेल्या न्गोइटोकिटोकच्या तळ्याकाठी घारी माणसाच्या हातातला घास झडप घालून नेतात, म्हणून तिथे गाडीतच बसून जेवतात. फळांच्या साली आणि कागद परत पिशवीत घालून आणायचे. गाडीतून फेकलेला चिक्कीचा तुकडा माकडाला माणसाकडे यायला शिकवतो, आणि माणसाला सरावलेल्या माकडाचा शेवट बहुतेक वेळा वाईट होतो.

प्लास्टिकबाबत कायदा कडक आहे आणि तो कडक असायलाच हवा. केनियाने 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तिच्यात 40 लाख शिलिंगांपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. 5 जून 2020 पासून राष्ट्रीय उद्याने आणि इतर संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकलाही मनाई झाली. पाण्याच्या तसल्या बाटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ सगळे त्यात आले. टांझानियाने पिशव्यांवरची बंदी 1 जून 2019 पासून लागू केली. आपल्याकडे चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, साड्या दुकानाच्या पिशवीत अशी बांधणी सवयीने होते. या सगळ्यांच्या जागी जुन्या ओढण्यांच्या किंवा चादरीच्या, नाडीच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. त्या धुता येतात, धूळ अडवतात आणि वजनाला काहीच नसतात. विमानतळावर घेतलेल्या वस्तूंची प्लास्टिकची पिशवीही नैरोबीला उतरताना टाकून द्यावी लागते. पाण्यासाठी प्रत्येकाने स्टीलची बाटली न्यावी, ती कॅम्पात भरून मिळते.

डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या असाव्यात. 2006 पूर्वी छापलेल्या नोटा पूर्व आफ्रिकेत अनेक ठिकाणी घेत नाहीत. चालक-मार्गदर्शक आणि कॅम्पातले कर्मचारी यांच्यासाठी बक्षिसी वेगळ्या पाकिटात ठेवली की शेवटच्या सकाळी धावपळ होत नाही. रानातली वाट, प्राण्याचा माग आणि गटातल्या प्रत्येकाची सोय सांभाळणारा तो चालकच असतो, त्याच्या बाबतीत हात आखडू नये.

परतीसाठी दोन किलोंची जागा मोकळी असावी. केनियाचा चहा आणि कॉफी, किसीच्या मऊ दगडातली कोरीव कामे, मसाई बायकांनी ओवलेल्या मण्यांच्या माळा हे आणण्यासारखे आहे. हस्तिदंत, दात, नखे, कासवाची पाठ, कातडे यांतले काहीही, कितीही लहान असले आणि विकणाऱ्याने काहीही सांगितले तरी, घेऊ नये. त्यामागे मेलेला प्राणी असतो आणि विमानतळावर गुन्हा दाखल होतो.

कागदपत्रांत पासपोर्ट, विमा, केनियासाठी जानेवारी 2024 पासून सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी आणि टांझानियाचा व्हिसा यांच्या छापील प्रती हव्यात. यांहून मोलाचा कागद म्हणजे पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र. ही लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते, म्हणून ती निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी घ्यावी. साठीपुढच्या प्रवाशांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे जुने सापडले तर पुन्हा लस घ्यावी लागत नाही. केनियातून टांझानियात शिरताना ते मागतात, आणि मुंबईत उतरल्यावर पुन्हा. ते मोठ्या बॅगेत ठेवू नये, पासपोर्टच्या सोबत हातातल्या पिशवीत ठेवावे. ते नसेल तर मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.